अमेरिकेच्या इतिहासात वऱ्हाडचा कास्तकार

२०२५च्या ऑगस्टमध्ये पऱ्हाटीला पात्या-फुलं धरत होती, तेव्हाच वऱ्हाडच्या कापसाचा भाव वॉशिंग्टनमध्ये हलला. अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि कापड निर्यात करणारे कारखानदार अडचणीत आले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारनं १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं. ही सवलत आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या शिवारात वेचणी सुरू झाली तेव्हा बाहेरच्या गाठींसाठी देशाचं दार सताड उघडं होतं. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर झालेला होता, पण खुल्या बाजारात त्याखालीच बोली लागत होती.

या घटनेची चर्चा झाली ती ‘व्यापारयुद्ध’ म्हणून, जणू ही कालपरवाची गोष्ट आहे. प्रत्यक्षात अमेरिकी लोकांनी आपल्या देशात जे केलं, ज्यावरून आपसात लढले आणि जे कायदे केले, त्याची झळ वऱ्हाडच्या रानाला गेली १६० वर्षं लागते आहे. तरीही अमेरिकेचा इतिहास इथल्या शाळा-महाविद्यालयांत शिकवला जातो तो बोस्टनच्या चहापासून लिंकनच्या भाषणापर्यंत, राष्ट्राध्यक्षांच्या नावांच्या क्रमानं. कापूस पिकवणाऱ्या अमेरिकी माणसाचं काय झालं, त्यानं काय मागितलं, त्याला काय मिळालं आणि कुणाला काहीच मिळालं नाही, हा भाग गाळलेला असतो. अमरावती आणि अकोल्याच्या वाचकाला खरी गरज आहे ती नेमकी त्या भागाची.

सुरुवात गुलामगिरीपासून करावी लागते. एली व्हिटनीनं १७९३ साली सरकी वेगळी करणारं यंत्र तयार केलं. त्याआधी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आखूड धाग्याच्या कापसातून सरकी काढायला इतका वेळ जाई की मोठी लागवड परवडत नसे. यंत्र आलं आणि कापूस जॉर्जियापासून मिसिसिपी, अलाबामा, टेक्सासपर्यंत पसरला. त्याच्याबरोबर गुलामांचा बाजारही पसरला. १८६०च्या जनगणनेत अमेरिकेतल्या गुलाम माणसांची संख्या ३९ लाखांहून अधिक भरली. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस त्या काळात अमेरिकेतून येई. मँचेस्टरच्या चात्या ज्यांच्या वेचणीवर फिरत, त्यांना मजुरी नव्हती, बायकामुलांवर हक्क नव्हता, शेत सोडून जाण्याची मुभाही नव्हती.

वऱ्हाडात कापूस त्याही आधीपासून होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथला माल बैलांच्या तांड्यांवरून शेकडो कोस दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं लाखभर बैलांवर लादून कलकत्त्याला कापूस पाठवल्याचं जुन्या गॅझेटिअरमध्ये नमूद आहे. त्याआधी, १८२५च्या सुमारास, विकाजी आणि पेस्तनजी या मुंबईच्या पारशी बंधूंनी वऱ्हाडातून मुंबईकडे कापसाचा व्यापार उभा केला होता. पण घरोघर चरखे होते, कोष्टी होते, आणि पिकाचा मोठा हिस्सा देशातच विणला जात होता. लिव्हरपूलच्या बाजाराला वऱ्हाडचा माल आखूड धाग्याचा आणि कचरा मिसळलेला वाटे. अमेरिकी कापूस मिळत असताना तो कोण घेणार?

१८५३ साली निजामानं हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं. मँचेस्टरचे गिरणीमालक तेव्हा अमेरिकेला पर्याय शोधतच होते. काळी कसदार जमीन, कापसाची जुनी सवय आणि हाती आलेला कारभार असं सगळं जुळून आलं होतं. उणीव होती ती निकडीची.

ती निकड १८६१च्या एप्रिलमध्ये आली. अमेरिकेत फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध सुरू झालं आणि लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. अमेरिकी कापूस अडकला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, लाखो कामगार उपाशी राहिले. त्याच कामगारांपैकी काहींनी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरमध्ये सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं. गुलामगिरी संपणार असेल तर आम्ही ही झळ सोसू, असा त्याचा आशय होता. लिंकननं पुढच्याच महिन्यात त्यांना उत्तर लिहिलं. सामान्य माणसांच्या इतिहासातलं हे एक थोर पान आहे. पण मँचेस्टरच्या मालकांना कापूस हवाच होता, आणि तो आणायला त्यांच्या नजरा वळल्या इजिप्त, ब्राझील आणि हिंदुस्थानाकडे.

लिव्हरपूलमध्ये कापसाचा भाव युद्धापूर्वीच्या जवळपास चौपट झाला. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सट्टेबाजांनी बँका आणि समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्या काढल्या. वऱ्हाडात १८६१ ते १८६५ या चार-पाच वर्षांत कापसाखालची जमीन जवळपास दुप्पट झाली. ती आली कुठून? काही पडीक मोडून आली, काही चराईतून आली आणि बरीच ज्वारीच्या रानातून आली. वऱ्हाडी घरातली भाकर आणि लिव्हरपूलची बोली यांच्यात थेट नातं जुळलं ते तेव्हापासून.

१८६५च्या एप्रिलमध्ये दक्षिणेची फौज शरण आली. अमेरिकी कापूस पुन्हा निघणार हे कळताच भाव कोसळले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईचा सट्टाबाजार भुईसपाट झाला. प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं निघालं. मुंबईच्या या तेजी-मंदीच्या कथा मराठीत पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. वऱ्हाडात मात्र गोष्ट तिथं संपली नाही, उलट खरी बांधणी युद्ध संपल्यानंतर सुरू झाली.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचला. ज्या युद्धासाठी त्याची घाई झाली, ते संपून जवळपास दोन वर्षं उलटली होती. खामगावच्या कापसासाठी जलंबहून फाटा टाकला गेला आणि १८७०च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला तो १८७१ साली. हॅरी रिव्हेट-कारनॅक नावाचा अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त म्हणून नेमला गेला. त्याचं काम बियाणं सुधारणं, भेसळ रोखणं आणि माल लवकर बंदराला लावणं. खामगाव, अकोला, अमरावतीत वाफेवर चालणारे प्रेस उभे राहिले आणि युरोपी कंपन्यांनी दलाल बसवले. अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ ही कापसाची जात जगाच्या बाजारात ओळखली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जी अरुंद रुळांची गाडी निघाली, जिला वऱ्हाडी माणूस प्रेमानं ‘शकुंतला’ म्हणतो, तीही मुळात कापसासाठीच.

तिकडे अमेरिकेत १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली. सुटलेल्या माणसांना सर्वांत आधी हवी होती जमीन. उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मननं १८६५च्या जानेवारीत हुकूम काढून दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी त्यांना वाटून दिली. सुमारे ४० हजार माणसं तिथं वसली. लिंकनची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्यांनी जमिनी जुन्या मालकांना परत केल्या. मतदानाचा हक्क मिळाला, मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय सिनेटर १८७० साली निवडून गेले, पण पायाखाली जमीन नव्हती.

मग उरली बटई. मालकाची जमीन, मालकाचं बियाणं-खेचर आणि कसणाऱ्याचं अंग. पीक अर्धं अर्धं. हंगामापर्यंत पीठ, डुकराचं मांस, कापड गावच्या दुकानदाराकडून उधारीवर. त्या उधारीला तारण म्हणून उभं पीक लिहून दिलेलं. दुकानदाराची अट एकच असे, कापूस लाव. मका खाता येतो, कापूस विकावाच लागतो. हिशेब वही ठेवणाऱ्याच्या हातात, आणि वर्षाच्या शेवटी कसणाऱ्याच्या नावावर बाकी निघायचीच. या जाळ्यात आधी मुक्त झालेले गुलाम अडकले, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत जमीन गमावलेले लाखो गोरे शेतकरीही.

हे वर्णन वाचताना वऱ्हाडी माणसाला वेगळं काही सांगावं लागू नये. इंग्रजी अमलात इथं रयतवारी पद्धतीची पाहणी झाली, प्रत्येक शेत कुणाच्या तरी नावावर चढलं आणि जे नावावर चढतं ते गहाणही पडू शकतं. सारा रोकडीत भरायचा. रोकड कापसातून येणार, आणि कापूस हातात येईपर्यंत सावकार. सावकाराला ज्वारीपेक्षा कापूस बरा, कारण तो अडत्याकडे गेला की तिथंच वसुली होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जमीन कापसाखाली होती. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले तेव्हा आगगाडी होती, तारयंत्र होतं, प्रेस होते. ज्वारी विकत घ्यायला पैसा नव्हता. १८९१च्या जनगणनेत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली.

जॉर्जियाचा बटईदार आणि अकोटचा कास्तकार एकमेकांना ओळखत नव्हते, पण लिव्हरपूलच्या फळ्यावर दोघांचा माल शेजारी लिहिला जाई. एकाचा वाढला की दुसऱ्याचा भाव पडे. १८७०च्या दशकाच्या आरंभी पौंडाला १४ सेंटांच्या वर असलेला अमेरिकी कापूस १८९४ साली पाच सेंटांखाली घसरला. हिंदुस्थान आणि इजिप्तचा माल हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. युद्धानं एकदा वऱ्हाडला जगाच्या बाजारात ओढलं, आणि शांततेनं दोन्हीकडच्या गरिबांना एकमेकांचे स्पर्धक करून सोडलं.

मराठी माणसानं अमेरिकेचा असा अभ्यास कधी केलाच नाही, असं मात्र नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ज्यांनी काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. यादवी युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत हिंडल्या, आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. नावातच ‘लोकस्थिती’ आहे. तिथल्या बायकांच्या संस्थांचं, शिक्षणाचं, राज्यकारभाराचं कौतुक त्यांनी मोकळ्या मनानं केलं, आणि वर्णभेदाकडे डोळेझाकही केली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय या दोन समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. राष्ट्राध्यक्षांपलीकडे जाऊन अमेरिकेची माणसं पाहण्याची ही मराठी परंपरा आहे. ती आज पुढे न्यायची असेल तर कापसाच्या शेतकऱ्यापर्यंत जावं लागेल.

कारण तो शेतकरी गप्प बसला नाही. टेक्सासमधल्या लँपासस परगण्यात १८७७च्या सुमारास शेतकऱ्यांची एक छोटी संघटना सुरू झाली. दहा-बारा वर्षांत तिची ‘फार्मर्स अलायन्स’ होऊन ती दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या राज्यांत पसरली. गावोगाव व्याख्याते फिरले, सहकारी खरेदी-विक्री सुरू झाली. कापसाच्या गाठींना गुंडाळायचं तागाचं कापड एका मक्तेदारीनं महाग केलं, तेव्हा शेतकऱ्यांनी १८८८-८९मध्ये तागावर बहिष्कार टाकला आणि गाठी सुती कापडात बांधल्या. तो ताग बंगालचा होता. अलायन्सची सर्वांत मोठी मागणी अशी की सरकारनं गोदामं बांधावीत, शेतकऱ्याचा माल तिथं ठेवावा आणि किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत स्वस्त कर्ज द्यावं, म्हणजे सगळा कापूस एकाच महिन्यात बाजारात ओतावा लागणार नाही. तेव्हाच्या अर्थपंडितांनी ही मागणी वेडगळ ठरवली.

या चळवळीची खरी परीक्षा झाली ती वर्णाच्या प्रश्नावर. गोऱ्यांच्या अलायन्समध्ये काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून १८८६ साली टेक्सासमध्येच त्यांनी वेगळी संघटना काढली. १८९१मध्ये या वेगळ्या संघटनेनं वेचणीच्या मजुरांसाठी संप पुकारला तेव्हा गोरे अलायन्सवाले मजुरी देणाऱ्यांच्या बाजूला गेले. अर्कान्सामध्ये संपकऱ्यांना ठार मारलं गेलं. जमीन असलेला आणि नसलेला, असा हा तडा होता. १८९२च्या निवडणुकीत शेतकऱ्यांच्या ‘पीपल्स पार्टी’च्या उमेदवाराला १० लाखांहून जास्त मतं मिळाली. त्याच पक्षाचे जॉर्जियातले नेते टॉम वॉटसन सभांमधून सांगत होते की गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्याला वेगळं ठेवून दोघांनाही लुटलं जातं. पण १८९६नंतर पक्ष मोडला. दक्षिणेच्या राज्यांनी मतदानावर कर आणि वाचनाच्या परीक्षा लादल्या. काळ्यांची मतं गेली, त्यांच्यासोबत हजारो गरीब गोऱ्यांचीही गेली. वॉटसन स्वतः पुढे कडवे वर्णद्वेष्टे झाले.

हरलेल्या लोकांची मागणी मात्र हरली नाही. महामंदीत कापूस सहा सेंटांच्या आसपास आला आणि १९३३ साली रूझवेल्ट यांच्या सरकारनं शेतीभावाचा कायदा केला. उभ्या पिकातला सुमारे एक कोटी एकर कापूस नांगरून टाकायला लावला, त्याची भरपाई दिली, आणि ऑक्टोबरमध्ये नवं महामंडळ काढून कापसाच्या तारणावर पौंडाला १० सेंट कर्ज द्यायला सुरुवात केली. भाव वर गेला तर शेतकऱ्यानं माल सोडवून विकावा, खाली गेला तर माल सरकारला देऊन मोकळं व्हावं. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला वेडगळ म्हटलं होतं, तेच जवळपास त्याच रूपात देशाचं धोरण झालं. आजच्या अमेरिकी कापूस-अनुदानाचं मूळ इथं आहे.

आणि तिथल्या अन्यायाचं मूळही इथंच आहे. भरपाईचे धनादेश निघाले ते जमिनीच्या मालकाच्या नावानं. कसणाऱ्याचा वाटा मालकानं द्यायचा होता. बहुतेकांनी दिला नाही, उलट जमीन कमी पेरायची म्हणून बटईदारांना घराबाहेर काढलं. १९३४च्या जुलैत अर्कान्सामधल्या टायरोंझा गावी १८ माणसांनी, त्यात गोरे होते आणि काळेही, बटईदारांचा संघ स्थापला. त्यांना मारहाण झाली, सभा उधळल्या गेल्या. १९२०मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या वर कृष्णवर्णीय शेतकरी होते. शतकाच्या अखेरीस ते वीस हजारांखाली आले. कर्ज देताना कृषी खात्यानं त्यांच्याशी भेदभाव केल्याच्या दाव्यात १९९९ साली सरकारला न्यायालयात तडजोड करून भरपाई द्यावी लागली, तेव्हा बहुतेकांच्या जमिनी केव्हाच गेलेल्या होत्या.

आता वऱ्हाडकडे पाहावं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री असताना दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. १९५९च्या डिसेंबरात तिथल्या समारंभाला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आले. शेतकऱ्यानं संघटित व्हावं म्हणून पंजाबरावांनी भारत कृषक समाज काढला होता, आणि त्यांच्याच नावानं १९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ उभं राहिलं. १९७२-७३च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ऐंशीच्या दशकात भावाचा प्रश्न गावागावांत नेला. पुढे एकाधिकार गेला. २००२ साली बीटी बियाणं आलं, त्याचं तंत्रज्ञान मिसुरीतल्या मोन्सँटो कंपनीचं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले. २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीनं बीटीलाही दाद दिली नाही. या साऱ्या काळात अमेरिकी सरकार आपल्या कापसाला अनुदान देतच होतं. ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि २०१४ साली अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. कापूस पिकवणारी शेतं अमेरिकेत आता वीस हजारांहूनही कमी आहेत. अशा शेताच्या मालकाशी पाच एकरांच्या कोरडवाहू कास्तकाराची तुलना करून ‘स्पर्धेत टिका’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

गिरण्यांची अडचण खोटी नाही. कापड कारखान्यांत लाखो हात राबतात आणि अमेरिकेनं शुल्क वाढवलं तर त्यांच्या पोटावर येतं. प्रश्न एवढाच की ती झळ कुणी सोसायची? अमेरिकेनं १९३३पासून दिलेलं उत्तर स्पष्ट आहे, ती सरकारी तिजोरीनं सोसायची. भारतानं २०२५मध्ये दिलेलं उत्तर वेगळं होतं. शुल्क काढलं गेलं, आणि त्यामुळे पडलेल्या भावातला फरक शेतकऱ्याच्या खात्यात टाकण्याची कुठलीही तरतूद त्या निर्णयासोबत नव्हती. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर हमीभाव मिळतो हे खरं, पण त्यासाठी मोबाइलवर नोंदणी, सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, ओलाव्याची अट आणि थांबण्याची ताकद लागते. ज्याला दिवाळीपूर्वी वेचणीची मजुरी चुकवायची आहे, तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावरच माल घालतो.

ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचं काय? अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मक्त्यानं, बटईनं जमीन करणारी माणसं गावोगाव आहेत. नोकरीनिमित्त शहरात गेलेल्या मालकाची जमीन ती करतात, मक्त्याचे पैसे बहुधा आधी मोजतात आणि पावसाचा सगळा जुगार स्वतः खेळतात. करार तोंडी. विदर्भासाठी १९५८ साली कूळकायदा झाला, त्याचा हेतू कसणाऱ्याला संरक्षण देण्याचा होता. पण कागद केला तर कूळ लागेल या भीतीनं मालक लिहून देत नाहीत. मग पीककर्ज, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची नोंदणी या सगळ्यांसमोर तो माणूस शेतकरी म्हणून उभाच राहू शकत नाही. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीच्या चौकशीतही जमीन कुणाच्या नावावर आणि कर्ज कोणत्या बँकेचं, हे आधी पाहिलं जातं. अर्कान्साच्या बटईदाराचा धनादेश १९३४ साली जिथं अडला, तिथंच वऱ्हाडच्या मक्तेदाराची मदत आज अडते आहे.

अमेरिकी शेतकऱ्यांच्या चळवळीतून वऱ्हाडनं घ्यायच्या गोष्टी दोन आहेत, आणि त्या एकमेकींपासून तोडता येत नाहीत. कापसाचा भाव राजकारणात ठरतो, तेव्हा तो मागायला संघटित व्हावं लागतं ही पहिली. त्या संघटनेतून जमीन नसलेला कसणारा आणि वेचणीची बाई वगळली गेली तर मिळालेलं वरच्यांच्या हाती जातं आणि खालचे गाव सोडून जातात, ही दुसरी. वऱ्हाडात जातीची दरी वर्णाच्या दरीइतकीच जुनी आहे. ज्या अमरावतीत पंजाबरावांनी अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून लढा दिला, त्या अमरावतीला शेतीचा प्रश्न आणि समतेचा प्रश्न वेगवेगळे करून चालणार नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. नीती आयोगानं २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा पुढे ठेवला आहे. त्यात मालकाची मालकी सुरक्षित राहते आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत यांसाठी ओळख मिळते. महाराष्ट्रानं विदर्भाच्या कूळकायद्याशी मेळ घालून असा कायदा करावा, आणि तो होईपर्यंत पीकपेऱ्याच्या नोंदीत प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव ग्रामसभेच्या साक्षीनं लावण्याची सोय करावी. कापसावरचं आयातशुल्क कमी करायचंच असेल तर वेचणीच्या महिन्यांत करू नये, आणि केलं तर बाजारभाव व हमीभाव यांतला फरक थेट कसणाऱ्याच्या खात्यात द्यावा. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत ज्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २०२४च्या सप्टेंबरात झाली, तिथल्या उद्योगांना सवलती देताना वऱ्हाडचा कापूस हमीभावानं घेण्याची अट घालावी.

एक काम सरकारची वाट न पाहता करता येईल. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून वऱ्हाडच्या कापसाचा एक अभ्यासक्रम आखावा, ज्यात लिंकनची नाकेबंदी आणि खामगावचा प्रेस, अर्कान्साचा बटईदार आणि दर्यापूरचा मक्तेदार एकाच पुस्तकात येतील. जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या वह्या, अडत दुकानांच्या रोजमेळी, सावकारी खतं अजून काही घरांच्या माळ्यांवर आहेत. खारपाणपट्ट्यातल्या म्हाताऱ्या बायकांना वेचणीच्या मजुरीचे पन्नास-साठ वर्षांचे दर तोंडपाठ आहेत. इतिहासाच्या आणि शेतीच्या विद्यार्थ्यांनी येत्या हंगामात गावोगाव जाऊन ते लिहून घ्यायला सुरुवात करावी.